नावं ठेवणारी

सकाळी साडेनऊला वल्लरी टिपणीसने चौसष्ट वर्षांच्या एका गृहस्थांच्या लघवीच्या डबीचं झाकण उघडलं, तर आत एक भुंगेरा पोहत होता.

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. वल्लरी चिडली. चिडायला तिला फारसं कारण लागायचं नाही. नौपाड्यातल्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सहा वर्षं काढताना ती डॉक्टरांच्या अक्षरावर चिडली होती, उपाशीपोटी या म्हटलं की 'फक्त चहा घेतलाय' म्हणणाऱ्या पेशंटांवर चिडली होती, आणि पाटीवर 'मुत्र' असं ऱ्हस्व लिहिणाऱ्या पेंटरला तर तिने पुन्हा शिडीवर चढवलं होतं. सगळ्यांना नावं ठेवणारी मुलगी, अशी तिची ख्याती होती. एकोणतीस उलटली तरी हिचं लग्न का जमत नाही, याचं कारण घरात तेच सांगितलं जायचं, आणि ते ऐकून ती आणखी चिडायची.

डबीच्या चिकटपट्टीवर लिहिलं होतं: पेठे, पुरुष, ६४. तिने फॉर्मवरचा मुलाचा नंबर लावला.

"पेठे का? तुमच्या वडिलांच्या लघवीत सहा पायांचा प्राणी आहे. पोहतोय."

 पलीकडून घाईघाईने आवाज आला, "पोहतोय ना? म्हणजे जिवंत आहे… प्लीज, झाकण घट्ट लावू नका हं. मी गोखले रोडवरच आहे, आलोच."

वडिलांबद्दल एक शब्द नाही. वल्लरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झाकण घट्ट लावायचंच, म्हणून तिने डबी उचलली, आणि मग आत नीट पाहिलं. तिळाहून जरासा मोठा, मधाच्या रंगाचा, पाठीवर काळसर ठिपक्यांच्या रांगा. तिने त्याला ड्रॉपरने उचलून टिपकागदावर ठेवलं, दोन बोटांत अलगद धरलं, आणि तो कुरकुरला. खरोखर कुरकुरला… कानाशी नेलं तर स्पष्ट ऐकू यावं असा.

वल्लरीचा राग जागच्या जागी थांबला. ही कुरकुर तिच्या ओळखीची होती.

तो आला तेव्हा बाहेर श्रावणातली एक सर नुकतीच पडून गेली होती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्यांना चिखल, चष्म्यावर थेंब, आणि हातात दुसरी डबी – अगदी तश्शीच. काउंटरवरच्या भावनाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत वल्लरीकडे पाहून डोळा मारला. त्याचं नाव सुश्रुत. कल्याणच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि उरलेला सगळा वेळ गोड्या पाण्यातल्या भुंगेऱ्यांमागे घालवायचा. या डब्या स्वस्त, झाकण पक्कं, म्हणून पन्नासाचं पाकीटच आणून ठेवायचा. वडिलांचे डॉक्टर नौपाड्यातले, म्हणून आज त्यांचा नमुना घेऊन तो कल्याणहून भिवंडीमार्गे स्कूटरवरून निघाला, वाटेत बाळकुमला एका झऱ्यावर थांबला, आणि पिशवीत दोन डब्यांची अदलाबदल झाली. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं आणि भुंगेऱ्यासाठी हात पुढे केला.

वल्लरीने भुंगेरा दिला नाही. आधी तिने त्याची हजेरी घेतली. नमुना दोन तासांच्या आत द्यायचा असतो हे फॉर्मवर छापलंय, ते वाचता येत नाही का? वडिलांची लघवी घेऊन कुणी झऱ्यावर फिरायला जातं का? आता तीही डबी फुकट, उद्या नवी आणायची. तो निमूटपणे मान हलवत राहिला, नजर मात्र टिपकागदावर. त्याने सगळं ऐकून घेतलं याचाही तिला राग आला, कारण भांडायला समोर कुणीतरी लागतं.

"हा नर आहे," ती शेवटी म्हणाली.

"अं?"

"पुढच्या पायांचे पंजे रुंद आहेत. दिसत नाही?"

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला, आणि या वेळी भुंगेऱ्याऐवजी तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, नीट.

"तुम्हाला… तुम्हाला कसं माहीत?"

"कारण याच्या अकरा बायका माझ्या घरी आहेत," वल्लरी म्हणाली.

खरंच होत्या. टिपणीस मंडळी चार वर्षांपूर्वी नौपाड्यातली जुनी जागा सोडून बाळकुमच्या एका कॉम्प्लेक्समध्ये पाचव्या मजल्यावर राहायला गेली होती. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, बाळकुम अजून गाव होतं तेव्हाचा, एक झरा कसाबसा टिकून होता. पावसाळ्यात तिन्हीसांजेला बाल्कनीतली ट्यूबलाइट लावली की कधीतरी एखादा भुंगेरा उडत यायचा आणि कपडे भिजवायच्या बादलीत पडायचा. तीन वर्षांत असे अकरा. वल्लरीने एकेक स्पिरिटमध्ये जपून ठेवला होता, प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. छापील वर्णनांपैकी एकाशीही ते जुळत नव्हते. पण अकराच्या अकरा माद्या, आणि या भुंगेऱ्यांची जात ठरते ती नरावरून. त्याच्या पोटाच्या टोकाशी एक बारीक वाकडा आकडा असतो, प्रत्येक जातीत वेगळ्या घडणीचा. माद्या बिचाऱ्या सगळ्या जातींत जवळजवळ सारख्याच दिसतात. तेव्हा नर मिळेपर्यंत नवी जात म्हणून छातीठोकपणे काही सांगायची सोय नव्हती, आणि बाईच्या ओळखीसाठी पुरुष लागतो या गोष्टीवर वल्लरी तीन वर्षं चिडून होती.

त्यामागे एक जुनं दुखणंही होतं. एम.एस्सी.ला असताना तिने दोन वर्षं खाडीकाठच्या गोगलगायींवर काम केलं होतं. गोळा करणं तिचं, मोजणं तिचं, चित्रं तिची. शोधनिबंध छापून आला तेव्हा लेखक म्हणून सरांचं नाव होतं, सरांच्या मित्राचं होतं, आणि अगदी शेवटी, आभारात, एक ओळ होती: 'कु. टिपणीस हिने मदत केली.' त्या दिवशी तिने पीएच.डी.चा विचार सोडला आणि लॅबमधली नोकरी धरली. एखाद्या नव्या जातीचं वर्णन छापलं की तिच्या नावापुढे लिहिणाऱ्याचं आडनाव आणि साल लागतं, कायमचं. शंभर वर्षांनी कुणी त्या किड्याचा उल्लेख केला तरी ते आडनाव सोबत घ्यावं लागतं. वल्लरीला आयुष्यात एकदा तेवढं हवं होतं.

त्याचा नर आणि तिच्या माद्या एकत्र तपासायचं ठरलं. रविवारी दुपारी लॅब बंद असायची. लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना मायक्रोस्कोप वापरायची परवानगी दिली, अट एवढीच की तपासणीच्या टेबलावर काही खायचं नाही. सुश्रुत कल्याणहून यायचा, येताना आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू आणायचा, आणि वल्लरी दर वेळी डबा उजेडात धरून आत काय आहे ते पाहून मगच झाकण उघडायची.

"अजून विश्वास नाही?" त्याने एकदा विचारलं.

"डब्यांच्या बाबतीत तुमच्यावर? या जन्मी नाही."

"आणि बाकीच्या बाबतीत?"

"बाकीची बाब कुठली?"

यावर तो एकदम लाडू खायला लागला. वल्लरी मान खाली घालून लेन्स पुसत बसली, आधीच स्वच्छ असलेली.

नर एकच होता, म्हणजे आकडा काढायची संधीही एकच. सुश्रुतने सुई हातात घेतली आणि खाली ठेवली. एवढं बारीक काम आपल्या हातून होणार नाही, हे त्याने सरळ कबूल केलं. वल्लरीने इन्सुलिनच्या सिरिंजची सुई घेतली, कोपर टेबलावर टेकवलं आणि भिंगात डोळा घातला. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. सुश्रुत दिवा धरून इतका जवळ उभा होता की त्याच्या शर्टाला येणारा ओल्या कापडाचा वास तिला येत होता, आणि तो श्वास घेत नाहीये हेही तिला कळत होतं. सुईच्या टोकावर केसाएवढा आकडा बाहेर आला… टोकाला दोन दात, एक लांब, एक आखूड.

"असा कुठल्याच जातीत नाहीये," तो पुटपुटला. "नाहीये, वल्लरी."

"श्वास सोड आता, पडशील."

त्याने श्वास सोडला. तिच्या कपाळावरची बट हलली. तुम्हीवरून तू कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं होतं आणि दोघांनीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या रविवारी, आकड्याचं चित्र काढता काढता, तिने त्याला गोगलगायींची गोष्ट सांगितली. ती हे कुणाला सांगत नसे. सुश्रुतने ऐकून घेतलं, हातातला पेला टेबलावर आपटला आणि म्हणाला, "हलकट माणूस." तो तसा शांत स्वभावाचा. त्याला रागाने लाल झालेलं तिने प्रथमच पाहिलं. आपल्या वाट्याचा राग दुसऱ्या कुणी केला की इतकं हलकं वाटतं, हे तिला माहीतच नव्हतं. त्या संध्याकाळी बाळकुमला परतताना तिने रिक्षावाल्याशी वाद घातला नाही, आणि घरी आईने ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावला.

गणपती गेले. त्यानंतरच्या रविवारी सुश्रुत इस्त्रीचा शर्ट घालून आला. लाडू नव्हते, प्लास्टिकचं फोल्डर होतं. निबंध लिहून तयार आहे, असं म्हणून त्याने ते दोन्ही हातांनी तिच्यासमोर ठेवलं.

"वाच. आणि चिडू नकोस."

"चिडण्यासारखं आहे का?"

"या वेळी नाही," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

पहिल्याच ओळीत नव्या जातीचं नाव होतं. ते तिचं नाव होतं. लॅटिनचं शेपूट लावलेलं, पण तिचंच. खाली खुलासा होता की ही जात बाळकुमच्या वल्लरी टिपणीस हिच्या सन्मानार्थ ओळखली जावी. खोटं कशाला सांगा, तिला आनंद झाला. इतका झाला की तो लपवायला तिने ताबडतोब चूक काढली. पुरुषाच्या नावापुढे 'आय' लागतो, बाईच्या नावापुढे 'ए-ई', हे शाळकरी पोरालाही… "तू मला पुरुष केलंयस," ती म्हणाली. सुश्रुतने कपाळावर हात मारून घेतला आणि दोघंही हसली. ते हसणं पुरतं ओसरण्याआधीच तिची नजर वर, शीर्षकाखाली गेली. तिथे लेखकाचं नाव होतं. सुश्रुत पेठे. एकच.

तिने पानं उलटली. एकदम शेवटी गेली. आभार: 'टिपणीस यांनी माद्या उपलब्ध करून दिल्या, विच्छेदन केले व आकृत्या काढल्या.'

"माझं नाव कुठाय?"

"आहे की, सगळीकडे. जातीचं नावच…"

"लेखकांत."

तो समजावून सांगायला लागला. आपणच आपलं नाव किड्याला द्यायचं नाही असा संकेत असतो. ती लेखकांत असती तर तिचं नाव जातीला देता आलं नसतं, लोक हसले असते. दोन्हींतलं एकच शक्य होतं. मग त्यातलं मोठं कुठलं, तर हे. लेखक काय, ढिगाने असतात.

वल्लरीचा आवाज खाली आला. तिला ओळखणाऱ्यांना ठाऊक होतं की ओरडणाऱ्या वल्लरीला भ्यायचं नसतं, हळू बोलणारीला भ्यायचं असतं. सुश्रुतला ते त्या क्षणी कळलं.

"तुला मी सांगितलेलं. सगळं सांगितलेलं."

"म्हणूनच ना गं…"

"मला विचारलंस?"

"सरप्राइज द्यायचं होतं."

"सरांनी निदान माझा सत्कार केला नव्हता, सुश्रुत. त्यांनी सरळ लुबाडलं. तू हार घालून बाहेर काढलंस."

 ती उठली. नर आणि त्याच्या आकड्याची काच तिने एका डबीत ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि त्याच्या हातात दिली. नर तुझा आहे, घेऊन जा, म्हणाली. अकरा माद्या आणि सगळी चित्रं तिने स्वतःच्या पिशवीत घातली. तो दारात डबी धरून उभा राहिला, मुलाखतीतून परत पाठवलेल्या उमेदवारासारखा.

"वल्लरी, मी ते तुझ्यासाठी केलं."

"तेच तर. माझ्यासाठी केलंस. माझ्याबरोबर नाही."

तीन आठवडे तिने त्याच्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही. वाचले मात्र सगळे, कधीकधी दोनदा. लॅबमध्ये तिने या काळात कुणाला सोडलं नाही. डेंग्यूच्या पेशंटांनीसुद्धा बोलणी खाल्ली. भावना एकदा म्हणाली, "अगं, तू त्याला शिव्या घालतेस त्या ठीक आहेत, पण त्या निमित्ताने त्याचं नाव दिवसातून पन्नासदा घेतेस." वल्लरी तिच्याशीही दोन दिवस बोलली नाही.

मग रागाच्या भरात तिने चार संध्याकाळी बसून स्वतःचा निबंध लिहिला. तो चांगला झाला होता, त्याच्यापेक्षा नेमका. जातीला तिने सुश्रुतचं नाव दिलं, शेवट बिनचूक पुरुषी लावून. लेखिका एकच, वल्लरी टिपणीस. आणि आभारात एक ओळ: 'श्री. पेठे यांनी चुकीची डबी दिल्याबद्दल आभार.' तिने तो त्याला मेल केला आणि वाट पाहत बसली. आता होऊ दे याच्या अंगाचा तिळपापड, असं तिला वाटत होतं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'फार छान लिहिलंयस. तिसऱ्या चित्रात मोजपट्टी राहिली आहे, तेवढी घाल आणि पाठव छापायला. नराशिवाय ते घेणार नाहीत, तो उद्या आणून देतो.'

बस. ना तक्रार, ना विनवणी. वल्लरीचं डोकं भणाणलं. माणसाने स्वतःच्या हक्कासाठी भांडूही नये? मग तिने तिसरं चित्र उघडून पाहिलं. मोजपट्टी खरंच राहिली होती. तिने आभारातली ती ओळ पुन्हा वाचली, आणि सरांनी लिहिलेली ओळ तिला आठवली, शब्दन् शब्द. दोन्ही ओळींत काही फरक नव्हता. चिखल तुडवत झऱ्यावर गेला होता तो. नर सापडला होता त्याला. ती बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि रडली. मुख्यतः स्वतःवरच्या रागाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो सरळ रांगेत उभा राहिला. हातात टोकन, फॉर्म आणि डबी. पुढे शुगरच्या तपासणीला आलेल्या दोन मावश्या, मागे सर्दीने बेजार एक तरुण. भावनाने त्याचा फॉर्म घेतला, वाचला, आणि ओठ घट्ट मिटून तो आत नेऊन दिला. पेशंटच्या नावापुढे लिहिलं होतं, 'अजून ठेवलेलं नाही.' नमुन्याच्या रकान्यात: 'नर एक, माद्या अकरा.'

वल्लरी बाहेर आली. तिने डबी उजेडात धरून पाहिली, नेहमीसारखी. आत नर होता, काच होती, आणि एक सुरळी केलेला कागद. निबंधाचं पहिलं पान. शीर्षकाखाली दोन नावं: टिपणीस व पेठे. तिचं आधी. जातीच्या नावाची जागा कोरी होती.

"तुझं तू छापायला पाठवायचं असेल तर पाठव," तो घाईने म्हणाला. "काल ते मी खरंच लिहिलेलं. हे आपलं, फक्त… तुला चाललं तर."

"भांडलास का नाहीस?"

"कारण तुझं बरोबर होतं." "आणि किड्याला तुझं नाव मी काही शास्त्रासाठी दिलं नव्हतं गं. तुला एक गोष्ट सांगायची होती. तोंडातून निघत नव्हती, म्हणून लॅटिनमध्ये सांगायला गेलो. तेही चुकलं."

मावश्यांनी दंडावरचा कापूस दाबून धरला होता आणि दोघीही हलायला तयार नव्हत्या.

"मराठीत सांग," वल्लरी म्हणाली.

"मला तू आवडतेस. खूप. रागावतेस तेव्हाही… म्हणजे तेव्हाच बघतोय ना तुला, बहुतेक वेळ."

तिचं नाक लाल झालं. हे रागाचं लाल नव्हतं, पण ते त्याला ओळखता येईना, त्यामुळे तो जरा मागे सरकला. ती म्हणाली की तिचा निबंध ती पाठवणार नव्हती, तो रागाने लिहिला होता, आणि त्याचं नाव गाळताना तिला अजिबात बरं वाटलं नव्हतं. शेवटचं वाक्य तिने इतक्या घुश्शात म्हटलं की सर्दीवाल्या तरुणाला ते भांडणच वाटलं.

"मग या पोरीचं नाव तू ठेव," सुश्रुत कागद पुढे करत म्हणाला. "नावं ठेवण्यात तुझा हात कोण धरणार?"

तिने भावनाच्या कानावरचं पेन घेतलं, कोऱ्या जागेत लिहिलं आणि कागद त्याच्याकडे वळवला.

"कोपना," त्याने वाचलं. "म्हणजे?"

"संस्कृत आहे. चिडखोर बाई. आणि नाम म्हणून वापरलंय, तेव्हा शेवट बदलायला जाऊ नकोस."

"कुणा व्यक्तीवरून नाही ना? नाहीतर ती व्यक्ती लेखकांत चालायची नाही."

"व्यक्तीवरून कशाला? हातात धरली की कुरकुरते, त्यावरून."

"ते खात्री करून घ्यायला हवं," तो म्हणाला आणि काउंटरवर तळहात उघडा ठेवला.

वल्लरीने आजूबाजूला पाहिलं. मावश्यांकडे, तरुणाकडे, भावनाकडे, सगळ्यांकडे रागाने. आणि मग त्याच्या हातात हात दिला. कुरकुर अजिबात ऐकू आली नाही.

निबंध पाठवण्याच्या आदल्या दिवशी सुश्रुतने आणखी एक शंका काढली. आडनाव टिपणीसच छापायचं ना, कारण एकदा छापलं की बदलता येत नाही.

"का बदलेल?"

"नाही, म्हणजे… लग्नानंतर बायका…"

"कुणाच्या लग्नानंतर?"

"तुझ्या," तो म्हणाला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माझ्या. एकच धरून चाल."

वल्लरीने त्याला सुनावलं की लग्नाची मागणी ही अशी तळटीपेत घालायची गोष्ट नाही. तासभर सुनावलं. नकार मात्र त्यात कुठे नव्हता, हे सुश्रुतला कल्याणला पोचल्यावर कळलं आणि त्याने पारनाक्यावरून तिला फोन केला.

माघात निबंध छापून आला. वैशाखात लग्न झालं. लक्ष्मीपूजनाला पेठ्यांच्या घरी पाटावर तबक ठेवलं होतं, तबकात तांदूळ पसरलेले, आणि भोवती बायकांची गर्दी. आता नवरा अंगठीने तांदळात बायकोचं नवं नाव लिहिणार, मग पेढे वाटायचे. सुश्रुतच्या आईने, सरोजताईंनी, मुलाच्या नावाशी जुळेल असं 'श्रुती' काढून ठेवलं होतं आणि आठ दिवस सगळ्या नातेवाइकांना सांगितलंही होतं. वल्लरी मान खाली घालून बसली होती. बाळकुमहून निघाल्यापासून ती याच एका क्षणाला घाबरत होती. शेवटी छापलेलं ते कागदावर, आणि हे घरातलं. इथे कुठला संकेत चालायचा?

सुश्रुतने अंगठी घेतली आणि सावकाश लिहिलं. भटजी वाकून बघत म्हणाले, "अहो, हे तर यांचं जुनंच नाव."

"आमच्या शास्त्रात आधी छापलेलं नाव खरं असतं, गुरुजी," सुश्रुत म्हणाला. "नंतरची सगळी बाद."

 सरोजताईंनी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे. सगळ्या बायका नवी नवरी आता लाजेल म्हणून थांबल्या होत्या. वल्लरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने ते पदराने टिपलं, तबकात नीट निरखून पाहिलं, आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तांदळात लिहिलं होतं 'वल्लरि'.

"री दीर्घ आहे," ती म्हणाली.

एक काकू खुदकन हसली. सुश्रुतने मुकाट्याने अंगठी तिच्यापुढे धरली. वल्लरीने ती घेतली, ऱ्हस्व वेलांटी तांदळांनी बुजवली, 'र'च्या पुढच्या बाजूला स्वतःच्या हाताने दीर्घ वेलांटी काढली, आणि अंगठी त्याला परत दिली.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. "वाटा पेढे."